मनगटाजवळ जायंट सेल ट्यूमर निघाला तर: ऑपरेशन कोणतं, कसं, आणि आधी काय विचारायचं

एक्स-रेच्या रिपोर्टवर "डिस्टल एंड रेडियस, एक्स्पान्साइल लायटिक लीजन, जीसीटी?" (म्हणजे मनगटाजवळच्या हाडात हाड फुगवणारी, पोखरणारी गाठ, बहुधा जायंट सेल ट्यूमर) असं लिहून आलंय आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडलेत, अशा लोकांसाठी हे लिहितोय. लगेच नेटवर शोधत बसू नका असं सांगणार होतो पण हे वाचताय म्हणजे बसलाच आहात, असो. मी डॉक्टर नाही. माझ्या मावसभावाच्या उजव्या मनगटात हेच निघालं होतं, गॅरेजमध्ये काम करतो तो, आणि त्याच्याबरोबर ओपीडीच्या रांगेत बसून, डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि नंतर बरंच वाचून जे समजलं ते सांगतो. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, ही गाठ सहसा जीवावर बेतत नाही, पण मनगटाचं पुढे काय होणार हे पहिल्याच ऑपरेशनवर ठरतं, आणि ते कोणतं असावं हे जेवढं एमआरआयवर अवलंबून आहे तेवढंच तुम्ही त्या हाताने दिवसभर काय काम करता त्यावर अवलंबून आहे. दुसरी गोष्ट फार कमी जण विचारतात.

हे आहे तरी काय

हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना. मनगटाचा सांधा मुख्यतः रेडियसच्या टोकावर उभा असतो. जायंट सेल ट्यूमर हाडाच्या नेमक्या अशा टोकाला होतो, बहुतेक वेळा २० ते ४० वयात, आणि सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपास. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक, आणि मग तिसऱ्या नंबरवर हे मनगटाजवळचं रेडियस, साधारण दहातला एक पेशंट. मायक्रोस्कोपखाली मोठ्या मोठ्या अनेक केंद्रकांच्या पेशी दिसतात म्हणून हे नाव, पण खरा गुन्हेगार त्या मोठ्या पेशी नाहीत, त्यांच्या मधल्या साध्या दिसणाऱ्या पेशी आहेत. त्या रँक-लिगँड नावाचा सिग्नल सोडत राहतात आणि मोठ्या पेशी त्या सिग्नलवर हाड खात सुटतात. हाड आतून पोखरत सांध्याच्या कूर्चेपर्यंत जातं आणि बाहेरचं कवच अंड्याच्या टरफलाइतकं पातळ होतं, मग बादली उचलताना किंवा साधं हातावर टेकताना मोडतं, आणि कित्येकांना गाठ आहे हे तेव्हाच कळतं.

रिपोर्टमध्ये बिनाइन म्हणजे साधी गाठ लिहिलेलं असतं, ते खरंच आहे, पण साधी म्हणजे गरीब नव्हे. ती परत येते. आणि थोड्या पेशंटमध्ये, अगदी काही टक्क्यांमध्ये, फुप्फुसातही गाठी दिसतात, आणि मनगटाच्या गाठीत हे इतर जागांपेक्षा थोडं जास्त बघायला मिळतं. त्या फुप्फुसातल्या गाठीही बऱ्याचदा हळू वाढतात, काही नुसत्या तशाच पडून राहतात. पण छातीचा सीटी सांगितला की "हाताला दुखतंय आणि छातीचा स्कॅन कशाला, पैसे काढायचे धंदे" असं म्हणू नका, त्याला कारण आहे.

ऑपरेशनच्या आधी, आणि इथेच जास्त लक्ष द्या

सगळ्यात आधी चोळणं बंद. मुरगळलंय म्हणून तेल लावून मालिश, हाड बसवणाऱ्याकडे नेऊन ओढाताण, शेकशेगडी, सगळं बंद. एक साधा मनगटाचा स्प्लिंट घ्या नाहीतर ऑर्थोवाल्यांकडून स्लॅब लावून घ्या, वजन उचलू नका, गाडी चालवू नका. कवच फुटलं की गाठ बाजूच्या मांसात पसरते आणि मग छोट्या ऑपरेशनची जी शक्यता होती ती हातातून जाऊ शकते.

मग तपासण्या. दोन बाजूंनी एक्स-रे, कॉन्ट्रास्टसह एमआरआय, छातीचा सीटी. आणि रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन, हे शेवटचं आवर्जून विचारा. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्या की हाडात 'ब्राउन ट्यूमर' नावाचा प्रकार होतो, एक्स-रेवर आणि मायक्रोस्कोपखाली तो जवळजवळ असाच दिसतो, आणि त्याचा इलाज मनगटात नसून गळ्यात असतो. एका रक्ततपासणीवर मनगटाचं अख्खं ऑपरेशन टळू शकतं, त्यामुळे ती राहिली असेल तर करून घ्या. हाडाचा टीबी, अन्युरिझमल बोन सिस्ट म्हणजे हाडातली रक्ताने भरलेली पोकळी, आणि क्वचित ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे खराखुरा कॅन्सर, हे पण यादीत असतात. म्हणूनच तुकडा तपासल्याशिवाय कोणी काही ठामपणे सांगत असेल तर सावध व्हा.

तुकडा तपासणं म्हणजे बायोप्सी. ती एमआरआय झाल्यावर करायची, आधी नाही, कारण सुईने आत रक्त साकळतं आणि मग फोटो बिघडतो. शक्यतो जाड सुईने आणि जो सर्जन नंतर मुख्य ऑपरेशन करणार आहे त्यानेच किंवा त्याच्या सांगण्याप्रमाणे. सुई जिथून गेली तो सगळा मार्ग पेशींनी दूषित झाला असं धरतात आणि मोठ्या ऑपरेशनमध्ये तो गाठीबरोबर काढावा लागतो, म्हणजे कोणी भलत्याच जागेतून सुई घातली असेल तर पुढच्या सर्जनचं डोकं दुखणार आणि कातडीचा जास्त भाग जाणार. हल्ली पॅथॉलॉजीत एक रंगचाचणी होते, एच-३-३ जी-३४-डब्ल्यू नावाची, बहुतेक जायंट सेल ट्यूमरमध्ये ती पॉझिटिव्ह येते आणि शंका असेल तर मदत होते. स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक ताब्यात घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नाही. दुसऱ्या हॉस्पिटलात गेलात की पहिल्या दिवशी तेच मागतात.

आणि एक वाक्य ऐकलंत तर उठून दुसरं मत घ्या: "उद्या घेऊ, उघडून खरवडून टाकू आणि काढलेलं तपासायला पाठवू." काय आहे ते कळायच्या आत खरवडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, इथे अगदी शब्दशः. अपवाद असतात, पण तो अपवाद तुम्हीच का ते त्यांना विचारा.

ग्रेड म्हणजे काय आणि त्यावरून काय ठरतं

इटलीतल्या बोलोन्याच्या रिझोली इन्स्टिट्यूटमधले कॅम्पानाच्ची म्हणून एक ऑर्थोपेडिक सर्जन होते, त्यांच्या नावाची पद्धत अजून वापरतात. ग्रेड १ म्हणजे गाठ हाडाच्या आत, कड शाबूत. ग्रेड २ म्हणजे हाड फुगलंय, कवच पातळ झालंय पण अजून आहे. ग्रेड ३ म्हणजे कवच फोडून गाठ बाहेर मांसात आलीय. मनगटाला मांस कमी आणि जागा अरुंद, नसा, शिरा, दोऱ्या सगळं दाटीवाटीने, त्यामुळे इथे ग्रेड ३ त्रास देतो, आणि आपल्याकडे लोक तेल लावत महिनोन्महिने काढतात त्यामुळे बऱ्याच जणांचा निदान होतं तेव्हा ग्रेड ३च असतो.

ढोबळ हिशोब असा की ग्रेड १ आणि २ ला खरवडणं, ग्रेड ३ ला तेवढं हाडच काढणं. पण ग्रेड ३ मध्ये सुद्धा बाहेर आलेला भाग लहान असेल, सांध्याची कूर्चा वाचलेली असेल, तर काही सर्जन खरवडून हाड वाचवायचा प्रयत्न करतात आणि परत आली तर बघू म्हणतात. हे चूक नाही, ही निवड आहे, पण ती तुम्हाला सांगून व्हायला हवी.

खरवडणं, म्हणजे क्युरेटाज

नाव ऐकून चमच्याने जरा काढून घेतात असं वाटतं, तसं नाही. हाडाला आतल्या पोकळीएवढी मोठी खिडकी पाडतात, कारण छोट्या भोकातून कोपऱ्यातलं दिसत नाही आणि राहिलेल्या पेशीच परत वाढतात. आधी क्युरेटने सगळा लाल-तपकिरी गाळ काढायचा, मग हाय-स्पीड बर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या यंत्राने पोकळीच्या भिंती अजून घासायच्या, मग उरलेल्या पेशी मारायला फिनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा लिक्विड नायट्रोजन यातलं काहीतरी, प्रत्येक युनिटची आपापली आवड. मनगटात नसा जवळ असल्याने लिक्विड नायट्रोजनला बरेच जण घाबरून असतात. मग खूप पाण्याने धुवून पोकळी भरतात, कूर्चेच्या लगत कमरेच्या हाडाचा चुरा आणि बाकी बोन सिमेंट, आणि बाहेरून आधाराला प्लेट. सिमेंट घट्ट होताना गरम होतं, त्या उष्णतेनेही काही पेशी मरतात असं म्हणतात, आणि दुसरा फायदा नंतर कळतो, पुढच्या एक्स-रेत सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये नवीन काळी पट्टी वाढताना दिसली की गाठ परत येतेय हे लवकर पकडता येतं.

फायदा उघड आहे, मनगट तुमचं स्वतःचं राहतं आणि बऱ्यापैकी हलतं. तोटा म्हणजे परत येणं. नुसतं खरवडून सोडलेल्या जुन्या केसेसमध्ये चारातल्या एकापासून निम्म्यांपर्यंत परत यायची, बर आणि केमिकल आणि सिमेंट आल्यापासून ते साधारण १० ते २५ टक्क्यांवर आलंय. परत आली तरी बऱ्याचदा पुन्हा खरवडता येते, नाही जमलं तर मग मोठं ऑपरेशन.

हाड काढणं, आणि त्या जागी काय बसवायचं

यात रेडियसचं खालचं टोक गाठीला न फोडता अख्खं काढतात, एमआरआयवर गाठ जिथे संपते त्याच्या वर साधारण २-३ सेंटीमीटर चांगलं हाड घेऊन, गाठीवर चिकटलेला मांसाचा पातळ थर आणि बायोप्सीचा मार्ग यांच्यासकट. परत यायची शक्यता बरीच कमी होते. पण आता मनगटाचा पायाच गेला, ६ ते १० सेंटीमीटरची रिकामी जागा आहे, आणि खरा प्रश्न तिथून पुढे.

पहिला रस्ता, पायातलं फिब्युला. नडगीच्या बाहेरच्या बाजूला जे बारीक हाड असतं त्याचं गुडघ्याजवळचं टोक आकाराने रेडियसच्या टोकाशी बऱ्यापैकी जुळतं, ते काढून मनगटात बसवतात आणि वरच्या रेडियसला प्लेटने जोडतात, मनगटाचे लिगामेंट शिवतात, काही आठवडे तारा घालून ठेवतात. असं केलं की मनगट हलतं. पूर्ण नाही, पण हलतं, आणि बऱ्याच अभ्यासांत पकडीची ताकद दुसऱ्या हाताच्या ६०-७० टक्क्यांच्या आसपास येते. अडचणी अशा की जोडावर हाड लवकर भरत नाही, पुढे मनगट एका बाजूला सरकतं, सांधा झिजून दुखायला लागतो. आणि पायाच्या बाजूने, फिब्युलाच्या मानेला वेढून पाय उचलणारी नस जाते, तिला धक्का लागला तर पाऊल लटकं पडतं, बहुतेक वेळा तात्पुरतं. काही ठिकाणी रक्तवाहिनीसकट फिब्युला काढून मायक्रोस्कोपखाली हाताच्या वाहिनीला जोडतात, हाड लवकर जुळतं पण ऑपरेशन खूप लांबतं आणि मायक्रोसर्जरीवाला प्लास्टिक सर्जन लागतो.

दुसरा, मनगट कायमचं फिक्स करणं. फिब्युलाचा मधला तुकडा किंवा टिशू बँकेतलं दात्याचं हाड घालून रेडियसपासून तळहाताच्या हाडापर्यंत लांब प्लेट. मनगट वाकत नाही, पण बोटं पूर्ण चालतात, हात उलटा-पालटा करता येतो, आणि पकड मजबूत असते, दुखत नाही.

तिसरा प्रकार मला सगळ्यात हुशारीचा वाटला. शेजारच्या अल्नालाच योग्य जागी कापून, त्याला चिकटलेले स्नायू आणि रक्तपुरवठा तसाच ठेवून, रेडियसच्या रिकाम्या जागेत सरकवायचं आणि वर रेडियसला, खाली मनगटाला जोडायचं. पायाला हात लावायचा नाही, मायक्रोसर्जरी नाही, आणि हाड जिवंत असल्याने ते जुळतं चांगलं. मनगट फिक्सच होतं, आणि मनगटाच्या वर हात बारीक दिसतो, तेवढं एक दिसायला खटकतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ग्रेड ३ साठी ही पद्धत वापरून २०१० मध्ये त्यावर पेपरही लिहिला होता, त्यामुळे आपल्याकडे ती बऱ्याच जणांना माहीत आहे.

बाकी दात्याचं हाड, ज्याला अ‍ॅलोग्राफ्ट म्हणतात, ते टिशू बँकेतून येतं, टाटात १९८८ पासून अशी बँक आहे. धातूचा कृत्रिम सांधा, हल्ली थ्री-डी प्रिंट केलेला सुद्धा, असतो, पण तरुण कष्टकरी हातात तो वर्षानुवर्षं किती टिकेल हा प्रश्न आहेच, मी असतो तर घाई केली नसती.

हलणारं की मजबूत, हे तुमच्या कामावरून ठरवा

इथे लोक हमखास चुकतात, कारण "मनगट फिक्स होणार" ऐकलं की घरात रडारड सुरू होते आणि हलणारं मनगट म्हणजे चांगलं ऑपरेशन असं सगळे धरून चालतात. माझा भाऊ पान्याने नट आवळतो, इंजिन उचलतो, त्याला सर्जननी विचारलं की तुला दिवसभरात मनगट वाकवायला जास्त लागतं की जोर लावायला? तो म्हणाला जोर. मग अल्ना सरकवून मनगट फिक्स केलं आणि आज तो गॅरेजमध्येच आहे. पण तबला वाजवणारा, ब्यूटी पार्लर चालवणारी, शिवणकाम करणारी, यांनी हलणाऱ्या मनगटासाठी थोडा धोका पत्करला तर ते चुकीचं नाही.

ठरवण्याआधी एक सोपी गोष्ट करून बघा. डॉक्टरांना विचारून मनगट अजिबात हलणार नाही असा कडक स्प्लिंट लावा आणि एक-दोन दिवस घरातली हलकी कामं करा. घास घेणं, केस विंचरणं, ब्लाउजचे हुक लावणं, मोबाइल, लिहिणं, बहुतेक जमतं, बोटं आणि खांदा सांभाळून घेतात. अडतं कुठे तर जमिनीवरून हात टेकून उठताना, पोळी लाटताना, कपडे पिळताना, बाइकचा अ‍ॅक्सिलरेटर पिळताना. आणि डावा हात असेल तर शौचाला धुताना. हा विषय ओपीडीत कोणी काढत नाही, लाज वाटते, पण मनगट कोणत्या अंशात फिक्स करायचं हे सर्जनच्या हातात असतं. सहसा १०-१५ अंश मागे झुकलेलं ठेवतात कारण तेव्हा पकड चांगली बसते, पण डावं मनगट असेल आणि धुण्याची अडचण सांगितली तर थोडं सरळ ठेवायचा विचार होऊ शकतो. ऑपरेशन झाल्यावर सांगून उपयोग नाही, तेव्हा लाज सोडा आणि आधी बोला.

इंजेक्शनने बरं होत नाही का

डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, तो जो रँक-लिगँडचा सिग्नल वर सांगितला तोच ते अडवतं. अमेरिकेत २०१३ मध्ये याला या गाठीसाठी परवानगी मिळाली. १२० मिलिग्रॅम, त्वचेखाली, दर ४ आठवड्यांनी, आणि पहिल्या महिन्यात आठव्या आणि पंधराव्या दिवशी जादा डोस. दुखणं कमी होतं, गाठीभोवती हाडाचं कवच पुन्हा धरतं. म्हणजे बरं झालं? नाही. त्या मूळ पेशी मरत नाहीत, झोपतात, इंजेक्शन थांबवलं की उठतात. अख्खं हाड काढायचं असेल तर आधी काही डोस दिल्याने गाठीला कड येते आणि काढणं सोपं जातं. पण खरवडायचं असेल तर उलटं होऊ शकतं, पेशी नव्या कडक हाडात लपून बसतात आणि नंतर परत यायचं प्रमाण वाढल्याचं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. त्यामुळे "आधी सहा इंजेक्शन घेऊ मग खरवडू" असं कोणी सुचवलं तर हा प्रश्न विचाराच.

इंजेक्शनआधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन किडलेले दात काढून-भरून घ्या, कारण यावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड सडायचा धोका असतो. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू ठेवावं लागतं नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धाडकन उतरतं. बायकांनी या काळात आणि शेवटच्या डोसनंतर किमान ५ महिने गरोदर राहू नये. आणि केमिस्टकडून घेताना मिलिग्रॅम बघा, हेच औषध म्हाताऱ्यांच्या ठिसूळ हाडांसाठी ६० मिलिग्रॅमचं पण येतं. शेक देणं, म्हणजे रेडिएशन, शक्यतो टाळतात कारण पुढे त्याच जागी खरा कॅन्सर उद्भवू शकतो.

पैसे आणि कागद

हे ऑपरेशन हाडांच्या गाठींचं काम नेहमी करणाऱ्या युनिटमध्येच करा, साधा ऑर्थो कितीही चांगला असला तरी. टाटात बाहेरगावाहून गेलात तर राहायची सोय आधी बघा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कितीतरी पेशंट राहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, आधी पैसे भरून नंतर परत मागायची ही योजना नाही, म्हणून अ‍ॅडमिट होण्याआधीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि तुमचं ऑपरेशन त्यांच्या यादीत कुठल्या नावाखाली बसतं ते विचारून घ्या.

ऑपरेशनचा दिवस आणि नंतर

तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगरेट, सगळं काही आठवडे आधीपासून आणि हाड जुळेपर्यंत बंद. निकोटीनने हाड जुळायला वेळ लागतो आणि मिश्री लावणाऱ्या बायकांना हे कोणी विचारतच नाही, "व्यसन आहे का" म्हटलं की त्या नाही म्हणतात. बांगड्या, अंगठी आदल्या दिवशीच काढा, सुजलेल्या हातातून सकाळी निघत नाहीत. नेलपॉलिश पुसा. भूल हाताचीच, काखेजवळ सुई देऊन, किंवा पूर्ण, पायातलं हाड घ्यायचं असेल तर पूर्ण भूलच जास्त करून. दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवतात, पण नेहमीसारखं रबरी पट्टीने हात पिळून रक्त वर ढकलत नाहीत, गाठीवर दाब नको म्हणून नुसता हात उंच धरतात.

शुद्धीवर आल्यापासून हात हृदयाच्या वर ठेवायचा आणि बोटं हलवत राहायची, त्याच दिवशी, दुखलं तरी. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, किंवा कोणी बोट सरळ केलं की किंचाळायला होतंय आणि पेनकिलरने फरक नाही, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सिस्टरला उठवा, आत दाब वाढत असू शकतो आणि त्याला उशीर चालत नाही. पायातून हाड घेतलं असेल तर अंगठा आणि पाऊल वर उचलता येतंय का ते बघा आणि नाही आलं तर सांगा.

टाके साधारण दोन आठवड्यांनी. स्लॅब किंवा प्लास्टर काही आठवडे, किती ते ऑपरेशनवर. हाड जुळायला ३ ते ६ महिने, कधी जास्त, आणि नाहीच जुळलं तर कमरेचं हाड घालून पुन्हा एक छोटं ऑपरेशन. या काळात खांदा आणि कोपर आखडू देऊ नका, फिजिओ मनगटाचाच नसतो, आमच्या भावाचं मनगट ठीक झालं पण खांदा आखडला होता. फिक्स केलेल्या मनगटाला हाड जुळेपर्यंत वजन नाही, बादली नाही, गॅस सिलिंडर तर नाहीच. काढलेल्या गाठीचा अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्ट स्वतः जाऊन घ्या आणि त्यात कड साफ आहे का ते विचारा, कधीकधी बायोप्सी आणि अंतिम रिपोर्टमध्ये फरक पडतो.

फॉलो-अप चुकवू नका. परत यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, म्हणून पहिली २ वर्षं दर ३-४ महिन्यांनी मनगटाचा आणि छातीचा एक्स-रे, मग ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. मधेच नवीन दुखणं, प्लेटच्या कडेला नवीन फुगवटा, किंवा जखमेच्या रेषेत कातडीखाली छोटी गोळी लागली तर तारखेची वाट बघू नका, ही गाठ हाड काढल्यावरही मांसात परत येऊ शकते. दिवस गेले असतील तर एक्स-रेच्या आधी सांगा, आणि तसं ऑर्थोच्या डॉक्टरांनाही कळवा कारण गरोदरपणात गाठ झपाट्याने वाढल्याच्या केसेस आहेत. प्रत्येक वेळी जुने एक्स-रे सोबत न्या, फिल्म आणि सीडी दोन्ही, ऑपरेशननंतरचा पहिला तर नक्की, कारण सिमेंटच्या कडेची ती काळी पट्टी वाढलीय की पहिल्यापासून तेवढीच आहे हे तो शेजारी धरल्याशिवाय सांगता येत नाही.